निवृत्तीनंतर संपादन आणि गावचा इतिहास: आधी दप्तर, मग पुस्तक

भाऊसाहेब, तुमच्या प्रश्नाचा सारांश मी असा समजते. परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयातून तुम्ही अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालात. वाचनाची आवड पहिल्यापासून आहे, आता वेळही आहे. एखाद्या नियतकालिकाला मदत करावी, पुस्तकांची प्रुफं तपासावीत, गावच्या इतिहासाचं काही काम विनामोबदला करावं असं वाटतं. पण "मी साहित्यातला माणूस नाही, माझा जन्म फायलींत गेला, मला तिथं कोण विचारणार" ही शंका आहे. शिवाय शेजारच्या देशमुखांचा वाडा पाडताना निघालेली जुन्या कागदांची एक पेटी तुमच्याकडे आली आहे आणि येत्या यात्रेपर्यंत त्यावरून गावच्या इतिहासाचं पुस्तक काढा असा गावकऱ्यांचा आग्रह आहे.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि निवृत्तीनंतर हेच काम करते आहे. स्मरणिका, आठवणींची हस्तलिखितं, संस्थांचे इतिहास, गावोगावची कागदपत्रं यांत माझा दिवस जातो. त्या अनुभवावरून सांगते, मराठवाड्यात लिहिणाऱ्यांची वाण नाही. जुना कागद वाचणारे, तारीख ताडून पाहणारे, सूची करणारे आणि दुसऱ्याचं लिखाण त्याच्याच आवाजात नीट उभं करून देणारे कमी आहेत. फायलींत गेलेला जन्म ही या कामाची पूर्वतयारीच समजा. संकोच सोडा.

आधी तुमच्याजवळ काय आहे ते बघू. खासरा पत्रक आणि सेतवार ही जमिनीची जुनी पत्रकं, गाव नमुना 14 ची म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं, इनामाच्या नोंदी, कुळाच्या नोंदी यांत काय कुठे असतं हे तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल. इतिहास विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मुलांना ते शिकायला वर्ष जातं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं निजामकाळातल्या कुणबी नोंदी धुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती टंचाई आहे हे तुम्ही नोकरीत असताना पाहिलंच असेल. त्या शोधात लोकांनी कागदावरचा 'कुणबी' हा एकच शब्द पाहिला आणि ते साहजिक होतं, कारण त्यावर लेकरांचं शिक्षण आणि नोकरी अवलंबून होती. पण त्याच कागदावर विहिरीला पाणी किती, कोणत्या शिवारात आंब्याची झाडं किती, कोणती जमीन कुणाच्या इनामात, कोणतं पीक, किती सारा, हेही लिहिलेलं असतं. गावाचा इतिहास म्हणतात तो तिथे आहे. दाखला निघाला की ते कागद पुन्हा पोत्यात जातात. ते वाचून ठेवणं हे तुमच्या वकुबाचं काम आहे आणि दुसरं कुणी ते करायला बसलेलं नाही.

त्यासाठी दोन लिप्यांची गरज लागेल. मोडी तुम्ही स्वतः शिका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, महाविद्यालयांतूनही ते होत असतात. मुळाक्षरं आणि जोडणी लवकर बसते. वेळ लागतो तो लेखकागणिक बदलणारं वळण ओळखायला, आणि इथे नेहमीच्या मजकुराची माहिती असलेला माणूस पुढे जातो. वसुलीच्या कागदात पुढचा शब्द काय येणार हे तुम्हाला ठाऊक असल्यामुळे अर्धं अक्षर दिसलं तरी पुरेल. उर्दूसाठी मात्र साठीनंतर स्वतः शिकण्याचा अट्टहास करू नका. हैदराबाद संस्थानात 1884 पर्यंत राज्यकारभाराची भाषा फारसी होती, पुढे उर्दू आली आणि 1948 पर्यंत टिकली. त्यामुळे आपल्याकडचं बरंचसं दप्तर उर्दूत आहे. पण मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एखादे गुरुजी असतात. त्यांच्याकडे जा, चहा घ्या आणि आठवड्यातून एक दुपार मागा. मोडी वाचणारा आणि उर्दू वाचणारा एका टेबलाशी बसले की जे काम होतं ते मी पाहिलेलं आहे. एकाच गावच्या एकाच वर्षाचे दोन कागद दोन लिप्यांत असतात आणि एकातली गाळलेली जागा दुसऱ्यात भरून निघते. शिवाय त्या दोन माणसांची मैत्री होते, ती गावाला वेगळी कामी येते.

तारखांचं सांगते, कारण संपादनातल्या सर्वांत जास्त चुका तिथे होतात. निजामी कागदावर फसली सन, म्हणजे महसुलाची वेगळी कालगणना, असते. संस्थानाचं शेवटच्या काळातलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी फसली सनात 590 मिळवायचे आणि जानेवारी ते सप्टेंबरसाठी 591. म्हणजे फसली 1357 हे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948 असं येतं, म्हणजे संस्थान भारतात आलं त्या पोलीस कारवाईचं वर्ष. लोक सरसकट एकच आकडा मिळवतात आणि निम्म्या नोंदी एका वर्षानं सरकतात. आठवणींत हीच गोष्ट रुपयांची. म्हातारा माणूस "तवा धा रुपये महिना होता" म्हणाला तर ते हाली सिक्क्याचे (निजामाचे) की कलदार (इंग्रज सरकारचे), हे विचारलं पाहिजे. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता. सरहद्दीवरच्या गावांत दोन्ही चालत, त्यामुळे तिथे अंदाज करून चालत नाही.

जिल्ह्यांचं तसंच आहे. जालना जिल्हा 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद म्हणून शोधावी लागते, आणि उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, त्याच्या आधी जिल्हा नळदुर्गचा होता. जहागिरीतलं गाव किंवा निजामाच्या खासगी मालकीचं सर्फ-ए-खासचं गाव असेल तर त्याचं दप्तर दिवाणी, म्हणजे थेट सरकारी कारभारातल्या, गावांच्या दप्तरात सापडणार नाही. हे तुम्हाला माहीत आहे. शहरात बसून गौरवग्रंथ संपादित करणाऱ्याला माहीत नसतं, आणि म्हणूनच "त्यांचा जन्म 1925 साली हिंगोली जिल्ह्यात झाला" अशी वाक्यं छापून येतात. कुठल्याही नियतकालिकाला किंवा स्मरणिका समितीला तुम्ही "मी फक्त तारखा, गावं आणि नावं तपासून देतो" एवढं म्हणालात तरी ते तुम्हाला सोडणार नाहीत.

आता संपादनाकडे येते. तुमच्यापुढे पहिल्यांदा येईल ते बहुधा शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका, एखाद्या देवस्थानाचा इतिहास किंवा कुणाच्या तरी वडिलांनी वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी. तिसऱ्या प्रकाराला जीव लावा. स्वातंत्र्यसैनिक, शिक्षक, पोस्टमन, कापसाच्या जिनिंगमधले मुनीम, ग्रामसेवक अशा माणसांनी दोनशे पानी वहीत लिहिलेलं बरंच काही घराघरांत पडून आहे. मुलं नोकरीसाठी पुण्याला गेलेली, सुनांना ती वही काय आहे हे माहीत नाही. या वहीचं संपादन करताना शुद्धलेखन नियमांप्रमाणे करा, पण भाषा त्यांची ठेवा. सरकारमान्य नियम ऱ्हस्व-दीर्घ सांगतात, माणसानं कसं बोलावं हे सांगत नाहीत. लातूर-नांदेडकडची बाई "काय करूलालास" म्हणाली असेल तर तिथे "काय करत आहेस" करू नका. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, असा बहुतेक लेखकांचा स्वतःचाच कल असतो, तो तसाच राहू द्या. जिथे लेखकाची आठवण कागदाशी जुळत नाही तिथे मजकूर बदलू नका. खाली टीप द्या: "लेखक 1946 म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर 1944 आहे." वाचणाऱ्याला दोन्ही कळू द्या. आणि लेखक हयात असेल तर छापण्याआधी एकदा शेजारी बसून मोठ्यानं वाचून दाखवा. कानाला जे खटकतं ते डोळ्याला दिसत नाही, आणि वाचता वाचता त्यांना आणखी चार गोष्टी आठवतात.

मुद्रितशोधनाची एक अडचण आपल्याकडे फार आहे. तालुक्याच्या गावातले डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, आकडे बदलतात. म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ म्हणजे नवं प्रूफ, असं धरून पहिल्यापासून वाचा. विशेषनामं आणि सालं यांची स्वतंत्र यादी करून ती वेगळी तपासा. मजकूर शेवटी युनिकोडमध्ये जपून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी ती फाइल उघडणार नाही. स्वतः टंकलेखन शिका, फोनवर बोलूनही आता मराठी चांगली उमटते. गुडघे कुरकुरत असतील आणि बाहेर जाणं होत नसेल तर मराठी विकिस्रोतावर घरबसल्या जुन्या पुस्तकांची पानं ताडून पाहण्याचं काम आहे. रोज दोन पानं केली तरी हात बसतो, आणि मुद्रितशोधनाची याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

सूची हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून इथे थोडं थांबते. आपल्याकडची जिल्हा गॅझेटियरं, 1951 पासूनच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, 1909 चं हैदराबाद संस्थानाचं इंपीरियल गॅझेटियर, गुलाम यझदानी संचालक असताना निघालेले निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल, मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चे जुने अंक, हे सगळं आहे. काही इंटरनेटवर चाळता येतं, काही विद्यापीठाच्या आणि जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहे. पण जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याबद्दल कुठे काय आलं आहे हे एका ठिकाणी पाहायची सोय नाही. एका तालुक्याची अशी गाववार सूची कुणी केली, प्रत्येक गावापुढे ग्रंथ, साल, पान एवढंच लिहिलं, तर पुढच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासकांचे श्रम वाचतील. तिला पुरस्कार मिळणार नाही, प्रकाशन समारंभही फारसा रंगणार नाही. तरी मला विचाराल तर निवृत्त कारकुनानं करावं असं याहून मोलाचं काम नाही, कारण त्यासाठी लागते ती शिस्त तुमच्या हाडात आहे.

आठवणी गोळा करायच्या तर कुणाच्या आणि कशाच्या, याचा नीट विचार करा. मराठवाडा मुक्तिसंग्रामात ज्यांनी स्वतः भाग घेतला ती पिढी जवळजवळ संपली. 1948 मध्ये अठरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे. असा कुणी तुमच्या पंचक्रोशीत असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जा. पण त्यांच्या मुलांकडून ऐकलेलं हे ऐकीव म्हणूनच नोंदवा. परतूरला 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, त्याविषयी आणि स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव या मुक्तिसंग्रामातल्या पुढाऱ्यांविषयी बरंच लिहिलं गेलं आहे. तुमच्या गावातून सरहद्दीवरच्या कॅम्पात कोण गेलं, त्याच्या माघारी त्याच्या बायकोनं शेत कसं सांभाळलं, हे कुठेच आलेलं नाही. 1948 बद्दल विचारताना सगळ्या आळ्यांत जा. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी जाळलेली गावं जशी आहेत तशीच पोलीस कारवाईनंतर मुस्लिम कुटुंबांवर झालेल्या हल्ल्यांचीही आठवण आहे. त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती भारत सरकारनं पाठवली होती. एक बाजू घेऊन दुसरी गाळलेलं गावाचं पुस्तक गावात भांडण लावतं आणि इतिहास म्हणूनही अपुरं पडतं. दोन्ही नोंदवा, नावं जाहीर करायची की नाही हे सांगणाऱ्याला विचारा, आणि काही गोष्टी कुटुंबाच्या इच्छेनुसार काही वर्षं न छापता नुसत्या जतन करा.

त्यापेक्षा तातडीचं माझ्या मते पुढचं आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांची स्मृती अजून धड आहे. कामावर खायला मिळणारी सुकडी काय होती, हजेरीपट कोण लिहायचं, आठवड्याची मजुरी किती, जनावरं कुठे सोडली, हे त्यांना विचारा. जायकवाडीच्या नाथसागरात गावं गेली, त्या गावांतलं देऊळ, पार, वेस, आळ्यांची रचना ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांच्याकडून नकाशा काढून घ्या, वेडावाकडा का होईना. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि पुनर्वसनात अख्खी गावं नव्या जागी गेली. जुन्या गावठाणात कोण कुणाच्या शेजारी राहत होतं हे माहीत असलेली पिढी म्हातारी होते आहे. 1978 ते 1994 चं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन आहे, त्यात घरं जळालेली माणसं आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा आहे. लातूरची अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे आहे, तिच्यातून माल कुठून कुठे जायचा हे सांगणारे अडते आहेत. यातला एक विषय घ्या. दोन घेऊ नका.

मुलाखतीला जाताना प्रश्न मोठे विचारू नका. "तेव्हाची परिस्थिती कशी होती" असं विचारलं की माणूस भाषण करायला लागतो. "तुमच्या घरात भाकरी कशाची होती, पिवळी की पांढरी", "माळवदावर माती कोण टाकायचं", "डॉक्टरला आणायला कुठं जावं लागायचं" असं विचारलं की तो घरात शिरतो. घरातल्या बाईशी वेगळं बोला. पुरुष बैठकीत बसला की ती आत जाते आणि पाणी, सरपण, बाळंतपण, जात्यावरचं पीठ ही सगळी माहिती तिच्याबरोबर आत जाते. तिच्याकडे तुमच्या पत्नी, बहीण किंवा सून जाऊ शकतील तर उत्तम. फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण सुरुवातीलाच तारीख, गाव, नाव आणि "हे छापलं तर चालेल का" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर ध्वनिमुद्रणातच येऊ द्या. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा. फोन हरवणं, बिघडणं हे होतच असतं.

देवळं, बारवा, वीरगळ, गद्धेगाळ (शापाचं चित्र कोरलेले दगड), शिलालेख यांच्याबद्दल इतकंच सांगते की तिथे आधी पोचणं महत्त्वाचं आहे. जीर्णोद्धार ठरला की ऑइल पेंट, फरशी आणि सिमेंट येतं. त्याच्या आधी एक दिवस जाऊन सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून मोजमाप घ्या. शिलालेखाचा फोटो सकाळी लवकर किंवा मावळतीच्या तिरप्या उन्हात घ्यावा म्हणजे अक्षराची खोली दिसते. अक्षरात खडू भरू नका, लोखंडी ब्रशनं घासू नका. ठसा घेणं शिकलेल्या माणसाचं काम आहे, त्याला बोलवा. आणि काहीही सापडलं तरी ते उचलून घरी आणू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना आणि 75 वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो. सरपंच, तलाठी आणि पुरातत्त्व खातं यांना लेखी कळवा. तो अर्ज कसा लिहायचा हे तुम्हाला मी काय सांगावं!

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेला नसाल तर एकदा जाऊन या. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचा तगर म्हणून उल्लेख आहे ते हे गाव. तिथलं शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानं आहे, कारण तिथला मूळ संग्रह त्यांचा. ते विद्यापीठातले नव्हते, गावातले व्यापारी होते. गावात निघणारी खापरं, नाणी, मणी, मृण्मय मूर्ती त्यांनी किरकोळ समजून टाकून दिल्या नाहीत, एवढं त्यांचं थोरपण. दुसरे सेतुमाधवराव पगडी, निलंग्याचे. हैदराबाद संस्थानात प्रशासकीय नोकरी करता करता फारसी, उर्दू, तेलुगू, गोंडी या भाषांत त्यांनी गती मिळवली आणि मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं मराठीत आणली. महसुलाचं काम आणि इतिहासाचं काम यांत अंतर फार नाही हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

आता तुमची पेटी. ती यात्रेआधी पुस्तकात बदलायची नाही, हे गावकऱ्यांना स्पष्ट सांगा. आधी देशमुखांच्या घरच्यांकडून लेखी घ्या की कागद तुमच्याकडे अभ्यासाला दिले आहेत आणि मालकी त्यांची आहे. मग कागद ज्या क्रमानं आणि ज्या रुमालात बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका. कोणता कागद कशाजवळ होता यावरूनही खूप कळतं. उन्हात वाळत घालू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा, घड्या हलक्या हातानं उलगडा, तुटत असेल तर तसंच राहू द्या. प्रत्येकाला पेन्सिलीनं पाठीमागच्या कोपऱ्यात क्रमांक द्या, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि वहीत क्रमांक, लिपी, असल्यास तारीख, दिसणारी नावं, एक ओळीत विषय अशी नोंद करा. पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, वाळवीसाठी पेटी जमिनीपासून उंच ठेवा. वाचता आलं नाही तरी एवढं होतं. ही नोंदवही झाली की विद्यापीठाच्या इतिहास विभागात, पुराभिलेखागाराच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात किंवा मराठवाडा इतिहास परिषदेच्या अधिवेशनात दाखवा. नुसती पेटी घेऊन गेलात तर लोक हळहळतात. नोंदवही घेऊन गेलात तर कामाला लागतात. त्यातले फोटो एका हार्ड डिस्कवर देशमुखांनाही द्या.

गावाला यात्रेत काही हवंच असेल तर 16 पानांची पुस्तिका काढा. सोळा पानं म्हणजे छपाईचा एक फॉर्म, तो छापायला सोपा आणि स्वस्त पडतो. तिच्यात पेटीतल्या पाच-सात कागदांचे फोटो, त्यांचं वाचन आणि सोप्या मराठीत अर्थ एवढं असू द्या. शेवटच्या पानावर "आपल्या घरी असे कागद असतील तर दाखवा" असं लिहा. मला खात्री आहे की यात्रेनंतर दोन-चार घरांची कपाटं उघडतील. अशा पुस्तिकेत पहिली चार पानं पुढाऱ्यांच्या फोटोंनी भरण्याचा आग्रह होईल. खर्च त्यांनी केला असेल तर मागच्या पानावर आभार माना. मजकुरात हात घालू देऊ नका, आणि ही अट पैसे घेण्याआधी सांगा, नंतर सांगता येत नाही.

पुढे मोठं पुस्तक झालं तर पैसे भरून पुस्तक काढून देणारे प्रकाशक भेटतील. सगळे वाईट नसतात, पण प्रती किती, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), शिलाई की नुसती चिकटवलेली बांधणी, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे कागदावर आणल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर सावध व्हा. आताच्या डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात, त्यामुळे हजार प्रतींच्या भानगडीत पडून पलंगाखाली गठ्ठे रचू नका. दुसऱ्याच्या वडिलांच्या आठवणी असतील तर वारसांची सही लागते. लेखक गेल्यावरही 60 वर्षं हक्क त्यांच्याकडे असतो. छापल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना महिन्याच्या आत प्रत पाठवायची असते. बहुतेक हौशी प्रकाशक हे करत नाहीत आणि मग पंधरा वर्षांनी ते पुस्तक लेखकाच्या घरीही सापडत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाला आणि महाविद्यालयाला एक प्रत स्वतः नेऊन द्या आणि दाखलनोंद झालेली पाहूनच परत या.

संस्थेत जाऊन काम करायचं तर सुरुवातीलाच ठरवून घ्या: आठवड्याचे कोणते दिवस, किती तास, नेमकं कोणतं काम. विनामोबदला काम करणाऱ्याला लोक एक तर सगळं सांगतात किंवा काहीच सांगत नाहीत. बसभाडं आणि झेरॉक्सचा खर्च मागायला लाजू नका, तो मोबदला नव्हे. पदाधिकारी व्हायला मात्र पहिली दोन-तीन वर्षं नकार द्या. एकदा कार्यकारिणीत गेलं की निवडणुका, सत्कार आणि बैठका यांतच दिवस संपतात आणि कागद तसाच राहतो. एखादा पदवीचा विद्यार्थी सोबत घ्या. स्कॅनिंग, फाइल, नकाशावर जागा टाकणं हे तो भराभर करेल, आणि तुम्ही गेल्यावर हे काम पुढे नेणारं कुणीतरी तयार होईल. सलग दोन तासांहून जास्त वेळ मोडी वाचू नका. भिंग आणि चांगला दिवा यांवर खर्च करा, डोळ्यांची तपासणी वर्षाला एकदा.

सुरुवात कुठून, हे शेवटचं विचारलंत. तुमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि ग्रंथपालांना विचारा की न उघडलेलं कपाट कोणतं. असं कपाट असतंच. त्यात जुन्या साप्ताहिकांचे अंक, बांधणी सुटलेली पुस्तकं, कुणीतरी देणगी दिलेल्या वह्या असतात. परवानगी घेऊन त्यातल्या एका खणाची यादी करून द्या. बाजारच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी खेड्यांवरून वाचक येतात आणि ग्रंथपाल एकटे असतात. मोडीच्या वर्गाची चौकशी त्याच आठवड्यात करा.